सतरा घरांचा बसलेला घसा

नदीच्या त्या काठावर टिटव्यांचे राज्य होते आणि राज्याला मुंगसांची भीती होती. टिटव्यांची घरटी उघड्या रेतीत असतात. अंडी राखायची तर पहारा हवाच. म्हणून काठाकाठाने दोनशे पहारेकऱ्यांची ओळ उभी असे. दिवस मावळताना ओळीतून साद फिरे. पहिला पहारेकरी आपल्या जोडीदाराचे नाव पुकारी, घरट्यातून ओ येई, मग दुसरा, मग तिसरा. दोनशेव्याची साद झाली की राज्य निर्धास्त झोपे. पहाऱ्यावर कोणी जखमी झालाच, तर रोज ओ देणाऱ्यालाच त्याच्यापाशी जाऊ देत. बाकीच्यांनी लांबून बघायचे.

कायदा एवढाच होता, की नराने मादीला साद घालावी आणि मादीने नराला. तो कोणी केला हे कोणाला आठवत नव्हते, पण मोडला तर आभाळ कोसळेल याबद्दल सगळ्यांचे एकमत होते. टिटव्यांना आभाळाची काळजी मुळातच जरा जास्त.

दोनशेंत सतराजण असे होते, की त्यांच्या घरी कायद्यात बसणारे कोणी नव्हते. होते ते वेगळेच, आणि जिवाभावाचे. मग ते बिचारे मनाने रचलेली नावे पुकारत. ओ कुठून येणार? हजेरीत कारण तर लिहायला हवे, म्हणून कारकून बगळ्याने एकदाचे लिहून टाकले, "घरी घसा बसला आहे." तेव्हापासून सतरा घरांचा घसा बसलेलाच राहिला. राज्याचे वैद्य, एक म्हातारे कासव, दर पौर्णिमेला त्या घरी ज्येष्ठमधाच्या कांड्या पोचवत आणि गुण कसा येत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावत.

रेवण त्या सतरांतला एक. पलीकडच्या काठावर मुंगसाचे शेपूट हलले तरी त्याला अलीकडून दिसे. त्याच्या घरट्यात धोंडिबा राही. स्वभावाने शांत, खडे रचण्यात पटाईत. रेवण रोज "चंद्रा" म्हणून ओरडे आणि धोंडिबा हाकेच्या अंतरावर चोच मिटून बसे.

एके दिवशी सतरांतल्याच म्हाताऱ्या केरबाला पहाऱ्यावर मुंगसाने धरले. वाचवले, पण जखम मोठी होती. त्याच्या कागदावरच्या बायकोचा शोध सुरू झाला, आणि ज्याने त्याच्याबरोबर उभे आयुष्य काढले तो ओळीपलीकडे उभा राहून बघत राहिला. त्याला कोणी पुढे येऊ दिले नाही. केरबा एकटाच गेला. रेवणच्या काळजाला ते फार लागले. आपल्यावर पाळी आली तर धोंडिबा असाच उभा राहील, हे त्याला सहन होईना.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने गळा मोकळा सोडून साद घातली, "धोंडिबा!"

"आहे रे," घरट्यातून लगेच ओ आली.

आभाळ जागच्या जागी राहिले. कोसळले ते सरनोबत भिवाजी. ओळीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता.

"रेवण, तुझ्यासारखा पहारेकरी नाही आपल्याकडे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "उद्या चंद्रा म्हण. आज मी काही ऐकलंच नाही."

"सरनोबत, ही चंद्रा कोण ते मलाच ठाऊक नाही. ती कशी ओ देणार?"

रेवणला ओळीतून काढले. त्याने वाद घातला नाही. फक्त दोनशेव्या पहारेकऱ्याच्या पुढे जो ओसाड उंचवटा होता, त्यावर जाऊन तो उभा राहिला. संध्याकाळी दोनशेव्याची साद संपली की रेवण आपली साद घाली आणि धोंडिबा ओ देई. आधी ओळ खुसखुसली. मग सवय झाली. केरबाच्या आणि रेवणच्या जागी आलेले दोघेही नेमके तसलेच निघाले, त्यामुळे वैद्यबुवांच्या कांड्या सतराच राहिल्या.

दर वर्षी पहारेकऱ्यांच्या भरतीच्या दिवशी रेवण रांगेत उभा राही.

"साद कोणाला?" बगळा विचारी.

"धोंडिबाला."

"नामंजूर."

पाचव्या वर्षापासून बगळा त्याला लांबून येताना बघूनच शेरा लिहून ठेवू लागला. मग वेळ उरे, म्हणून तो विचारी, "धोंडिबा बरा आहे ना?" आपण कोणाची चौकशी करतो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नसे.

सातव्या वर्षी धोंडिबाच कंटाळला. "पलीकडच्या काठावर जाऊ या. तिकडं कायदा नाही."

"मुंगसं आहेत की," रेवण म्हणाला. "आणि इथली अंडी कोण राखील?" धोंडिबाने उसासा टाकला आणि घरट्याला आणखी दोन खडे लावले.

आठव्या वर्षी एका संध्याकाळी उंचवट्यावरून साद आलीच नाही. दोनशेव्याची झाली होती, हजेरी भरली होती, पण ओळीतले कोणी झोपायला मान पंखात घालीना. सगळे ताटकळत राहिले. सरनोबत सांगून दमले, की रेवण हजेरीत नाही.

"मग इतकी वर्षं आम्ही कोणाची वाट बघून झोपत होतो?" दोनशेव्याने विचारले.

उजाडताच सरनोबत स्वतः उंचवट्यावर गेले. रेवण ताठ उभा होता, नजर पलीकडच्या काठावर. शेजारी धोंडिबा होता.

"काल साद का नाही घातलीस?"

रेवणने चोच उघडली. नुसती खरखर आली. "घसा बसलाय," धोंडिबाने सांगितले.

सरनोबतांना हसू फुटले, आणि हसता हसता डोळे भरून आले. "किती वर्षं हेच वाचतोय मी," ते म्हणाले. परत जाऊन त्यांनी बगळ्याकडून हुकूम लिहवून घेतला, की ज्याच्या घरी जो असेल त्याने त्यालाच साद घालावी, आणि ओळ आजपासून दोनशे एक जणांची.

त्या संध्याकाळी साद फिरायला नेहमीपेक्षा वेळ लागला. सतरा ठिकाणी ओळ जराशी अडखळली, मग नवेच नाव आले आणि घरट्यातून ठणठणीत ओ आली. शेवटी रेवणची पाळी. त्याचा आवाज फाटक्या पिपाणीसारखा निघाला. धोंडिबाने तरीही ओळखला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. वैद्यबुवा ज्येष्ठमधाचे गाठोडे घेऊन निघाले आणि सतराही घरांतून त्यांना हसत परत पाठवण्यात आले. इतक्या वर्षांनी एकदम गुण कसा आला याचा विचार करत ते घराकडे वळले, तोच उंचवट्याकडून धोंडिबा धावत आला.

"दोन कांड्या द्या, बुवा," तो म्हणाला. "आमच्याकडे खरंच बसलाय."