वाढली असेल

एकदा काय झालं, बरं का, डोंगराच्या कुशीत सहा घरांची एक वाडी होती. तिथे भागू नावाची बाई आणि तिची सहा वर्षांची लेक मथी अशा दोघीच राहत. मथी गुणी होती. पण तिला एक खोड होती. कुणाचं काही दिसलं, की ती ते गुपचूप उचलायची आणि घरातल्या रिकाम्या कणगीत टाकायची. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची उंच टोपली. शेणानं सारवलेली, वर झाकण.

भागूला हे ठाऊक होतं. पण लोक काय म्हणतील, या भीतीनं ती गप्प राही.

आता आपल्यात एक रीत आहे. मीठ संपलं, तर ‘संपलं’ म्हणायचं नाही, ‘वाढलं’ म्हणायचं. बांगडी फुटली, तरी ‘वाढली’ म्हणायचं. अशुभ तोंडातून निघू नये, म्हणून जपलेला हा शब्द. भागूनं तोच शब्द लेकीच्या खोडीवर पांघरला.

एके दुपारी गोधड्या शिवणारी सईबाई आली.

“भागू, माझी सुई पाहिलीस का गं?”

“नाही हो, सईबाई. वाढली असेल.”

सईबाई गेली. मग कणगीत काहीतरी किणकिणलं. भागूनं झाकण उचललं. आत एकच सुई नव्हती. शंभर होत्या, आणि सगळ्यांची टोकं तिच्याकडे वळलेली होती. तिनं झटकन झाकण लावलं.

मग दुसऱ्या दिवशी धोंडू गवळी आला.

“वहिनी, वासराच्या गळ्यातली घंटा नाहीशी झाली. वासरानंच काढून ठेवली म्हणावं, तर त्याला कुठं आंघोळीला बसायचं होतं?”

“वाढली असेल, भावजी.”

धोंडू वळतो न वळतो, तोच कणगीत शंभर घंटा हलल्या. पण गंमत पाहा, आवाज एकीचाही नाही. नुसती कणगी थरथरत होती.

मग तिसऱ्या दिवशी म्हातारे अंताजीबाबा काठी टेकत आले.

“पोरी, आमच्या हिची फणी सापडत नाही. ती गेली, तेव्हापासून कोनाड्यात होती. तिचा एक केस होता त्यात अडकलेला.”

भागूनं कणगीकडे पाहिलं. तरी जीभ सवयीनं वळली. “वाढली असेल, बाबा.”

बाबा काठी टेकत गेले, आणि मग झाकणाखालून एक पांढरा केस बाहेर आला. मग दुसरा. मग बटच्या बट. ती भिंतीवरून हळूहळू वर चढू लागली.

“मथे! मथे, कुठं आहेस?”

“इथंच आहे, आई.” आवाज कणगीतून आला. “पण आता जागाच नाही गं.”

भागू झाकणाशी झोंबली. केसांनी त्याला गच्च वेढलं होतं. तिच्या हाका ऐकून सईबाई, धोंडू आणि बाबा तिघंही धावत आले.

“अगं, झालं काय? मथी कुठाय?” सईबाईनं विचारलं.

भागूची जीभ आयती वळली. “वा...”

एवढंच. अर्धाच शब्द. तोच कणगीतून दोन आवाज आले. “आई!” “आई!” दोन्ही मथीचेच.

भागूनं दातांनी जीभ चावली. पूर्ण शब्द निघाला, तर शंभर मथी होतील, आणि त्यांतली आपली कोणती, हे कसं कळणार?

मग ती उंबऱ्यात बसली आणि बोलू लागली. “सईबाई, तुमची सुई वाढली नव्हती. माझ्या मुलीनं ती घेतली.” किणकिण थांबली. “भावजी, घंटाही तिनंच घेतली.” कणगी स्थिर झाली. “बाबा, फणीसुद्धा. मला सगळं ठाऊक होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले.” केस सरसर आत गेले.

पण आवाज अजून दोन होते.

“आणि माझी मथी वाढलेली नाही,” भागू रडत म्हणाली. “ती एकच आहे, आणि तिनं असं का केलं, हे मी एकदाही विचारलं नाही.”

एक आवाज थांबला. झाकण आपोआप घसरलं. भागूनं लेकीला उचलून घेतलं. मारलं नाही, बरं का.

“का घेत होतीस गं?”

“तू शेतावर जातेस ना दिवसभर. मला सोबत हवी होती.”

मग मथी सुई, घंटा आणि फणी घेऊन तिघांसमोर उभी राहिली. “मी घेतली होती,” असं ती तिन्ही वेळा स्वतःच्या तोंडानं म्हणाली. सईबाई रागावली, धोंडू हसला. बाबांनी फणी उजेडात धरली. केस एकच होता.

खोड काही एका दिवसात गेली नाही. पुढच्याच आठवड्यात मथीनं कुणाची पळी आणली. भागू हात धरून तिला त्याच पावली परत घेऊन गेली. मात्र त्यानंतर शेतावर जाताना ती लेकीलाही बरोबर नेऊ लागली.

मग एका सकाळी सईबाईच्या दाराशी मथी बराच वेळ घुटमळली. शेवटी म्हणाली, “सईमावशी, ही लाल चिंधी मी घेऊ का?”

“घे की गं!” सईबाई म्हणाली.

अंगणात उभ्या असलेल्या भागूनं ते ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला.

मग ती मायलेकरं सुखानं राहिली. आता तुम्हीही पाय पोटाशी घ्या आणि मिटा डोळे.