ओरडलं की आखडणारा दोरा

एक होता राजा. नाव त्याचं शांतिवर्मा. आता नाव ठेवताना बारशाला कुणाला काय ठाऊक, बाळ पुढे कसं निघेल ते! शांतिवर्मा भलता तापट निघाला. भात गरम असला तरी ओरडायचा आणि गार असला तरी ओरडायचा. तो ओरडला की महालातली तावदानं थरथरायची आणि अंगणातली कबुतरं उडून जायची. मनानं वाईट नव्हता हं. पण राग आला की त्याला पुढचं मागचं काही दिसायचं नाही.

रेवू, पाय काढ बघू माझ्या अंगावरून. हां.

तर या राजाला एक राणी होती, कुमुदावती. आणि एक इवलीशी लेक होती, केतकी. केतकीला जत्रेत काचेच्या मण्यांची माळ मिळाली होती. निळे, पिवळे, लाल मणी, आणि पोटापर्यंत लांब. राजकन्येकडे हिऱ्यामोत्यांचे दागिने काय कमी होते? पण तिला ती काचेची माळच आवडायची. झोपतानासुद्धा काढायची नाही.

एकदा काय झालं, राजा जेवायला बसला होता. आमटीत मीठ कमी पडलं. झालं! राजाचा पारा चढला. तेवढ्यात केतकी धावत आली आणि म्हणाली, "आबा, माझी माळ बघा ना!" राजानं रागानं हात झटकला. त्याची अंगठी माळेत अडकली आणि माळ तटकन तुटली. मणी सगळ्या महालभर घरंगळले.

केतकी रडली नाही, बरं का. मुकाट्यानं गेली आणि पलंगाखाली जाऊन बसली. त्या दिवसापासून राजाच्या पावलांचा आवाज आला, की ती पलंगाखाली शिरायची. राजानं हाक मारली तरी बाहेर यायची नाही.

तीन दिवस राणीनं वाट पाहिली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "महाराज, आम्ही माहेरी निघालो. ज्या हातानं माळ तोडलीत, त्याच हातानं ओवून आणा. सोनाराला सांगायचं नाही, दासीला सांगायचं नाही. माळ घेऊन याल, तेव्हा आम्ही परत येऊ."

मेणा निघून गेला. महाल एकदम सुना झाला. आता राजाला ओरडायला मोकळं रान होतं, पण ऐकायला कोण होतं? मग राजा गुडघ्यांवर बसला. पलंगाखाली शिरला, कपाटामागं हात घातला, उंबऱ्याच्या फटीतसुद्धा बोटं घातली. त्याच्या मुकुटाला कोळिष्टकं लागली. प्रधानजींनी ते पाहिलं आणि ते तोंड फिरवून खोकायला लागले. एक ओंजळ मणी जमले, तेव्हा कुठे राजा उठला.

पण राजाला सुईत दोरा ओवता येतोय होय? त्याच्या बोटांना तलवारीची सवय. एक दोरा तुटला, दुसरा तुटला, तिसऱ्याचा तर गुंताच झाला. राजा डोक्याला हात लावून बसला.

तेवढ्यात महालाबाहेर आवाज आला, "सुया घ्या, पोत घ्या, मणी घ्या गं बायांनो!" एक म्हातारी चालली होती. डोक्यावर पाटी, गळ्यात मण्यांच्या वीस-पंचवीस माळा. राजानं तिला आत बोलावलं आणि झालं ते सगळं सांगितलं. आपणच माळ तोडली, तेसुद्धा सांगितलं.

म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून एक पांढरा दोरा काढला. म्हणाली, "राजा, ह्यो दोरा तुटायचा न्हाई. पर ह्येला आरडाओरडा सोसत न्हाई. तू वरडलास, की वीतभर आखडंल. आन् येक ध्यानात ठेव. माळंची शेवटची गाठ येकट्याला बसत न्हाई. जिची माळ, तिचं बोट गाठीवर लागतं."

"बरं, या दोऱ्याचं काय देऊ?" राजानं विचारलं.

"भूक लागलीया. भाकरी दे, आन् लसणाची चटणी," म्हातारी म्हणाली आणि ओसरीवर फतकल मारून बसली.

मग राजानं सुईत दोरा ओवला. एक मणी, दुसरा मणी, तिसरा मणी. निळ्यानंतर पिवळा, पिवळ्यानंतर लाल. सकाळची दुपार झाली. राजा खूश झाला. "प्रधानजी, बघा!" असं म्हणून त्यानं सुई धरून माळ उंच केली. आणि सर्रर्र! सगळे मणी खालच्या टोकानं निसटले आणि जमिनीवर उड्या मारायला लागले.

राजा ओरडला, "कुणी केलं हे?"

तावदानं थरथरली, कबुतरं उडाली, आणि दोरा वीतभर आखडला.

ओसरीवर म्हातारी भाकरीचा घास हातात धरून खो खो हसत होती. "आरं राजा, खाली गाठ कुठं मारलीस? गाठ मारल्याबिगर मणी थांबंल कशाला?"

एवढा मोठा राजा, सात किल्ले जिंकलेला, आणि दोऱ्याला गाठ मारायची विसरला! हसू नका रे. तुम्ही तरी परवा बुटाच्या नाड्या न बांधता पळत होतात ना?

राजानं पुन्हा मणी गोळा केले. या वेळी आधी गाठ मारली. पाटावर मण्यांच्या वेगवेगळ्या ढिगल्या केल्या, निळ्यांची एक, पिवळ्यांची एक, लालांची एक. आणि नेमके प्रधानजी खलिता वाचत वाचत आले. त्यांचा पाय लागला पाटाला. सगळ्या ढिगल्या एक झाल्या.

"प्रधानजी!" राजा असा ओरडला की प्रधानजींची पगडी कानावर आली. दोरा आणखी वीतभर आखडला.

आता मात्र राजा उठून आत धावला. त्यानं केतकीचं जुनं पोलकं आणलं. त्याच्या गळ्याभोवती दोरा लावून पाहिला. पोटापर्यंत यायचा दोरा आता जेमतेम गळ्याभोवती पुरत होता. आणखी एकदा ओरडला असता, तर तो लेकीच्या गळ्यातसुद्धा आला नसता. राजा ते पोलकं मांडीवर घेऊन बसला आणि त्याला रडू आलं. हो, राजांनाही येतं रडू.

म्हातारीनं त्याला रडू दिलं. मग तिनं पाटी पुढे सरकवली. म्हणाली, "लेकीचं मणी ऱ्हाऊ देत बाजूला. आधी ह्या मण्यांवर हात बसव."

मग राजा शिकायला लागला. चिंचोके ओवले, गुंजा ओवल्या, बोरांच्या बिया ओवल्या. पहिल्या दिवशी बोटाला सुई टोचली. दुसऱ्या दिवशी वाकडीतिकडी का होईना, एक माळ झाली. तिसऱ्या दिवशी राजा पहाटे उठून बसला. का, तर लालाशेजारी पांढरा बरा दिसेल की हिरवा, हे त्याला स्वप्नात सुचलं होतं! असा नाद लागला बघा. त्यानं हत्तीला चिंचोक्यांचा हार केला. गाईच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली. प्रधानजींना मनगटात बांधायला गुंजांची पोची केली, आणि ते बिचारे ती दरबारात मिरवायला लागले.

दरबारातसुद्धा राजाच्या मांडीवर मण्यांचं तबक असायचं. आता गंमत ऐका. सुईत ओवायचा तर दोरा ओला करावा लागतो. म्हणून राजा दोऱ्याचं टोक ओठात धरायचा. आणि ओठात दोरा असला, की ओरडणार कसं? लोक तक्रारी सांगायचे, राजा ओठात दोरा धरून ऐकायचा. दोरा ओवून होईपर्यंत समोरच्याचं सगळं बोलणं संपायचं. राजाच्या लक्षात यायचं, अरेच्चा, हा माणूस तर बरोबर बोलतोय! इतक्या वर्षांत त्यानं कुणाचंच शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

एक महिना झाला. मग राजानं केतकीचे मणी काढले आणि म्हातारीचा दोरा काढला. खाली गाठ मारली. एक एक मणी निरखून ओवला. मध्ये एक काळा मणी घातला, लेकीला दृष्ट लागू नये म्हणून. आखूड दोऱ्यात सगळे मणी मावले नाहीत. उरलेले त्यानं उपरण्याच्या टोकाला बांधले. निघाला होता लांब माळ करायला, आणि झाली गळ्यालगतची ठुशी. पण काय देखणी झाली होती!

प्रधानजी हळूच म्हणाले, "महाराज, दुसरा लांब दोरा घेऊ या का? कुणाला कळणार आहे?"

राजा म्हणाला, "मला कळेल ना."

म्हातारीला दाखवावी म्हणून राजा ओसरीवर गेला, तर ती कुठेच नव्हती. भाकरीचं ताट मात्र घासूनपुसून ठेवलेलं होतं.

मग राजा घोड्यावर बसला. शेवटची गाठ राहिली होती, म्हणून मोकळं टोक त्यानं चिमटीत घट्ट धरलं. चिमूट सुटली की मणी गेले, आणि तोंड सुटलं की दोरा गेला.

वाटेत नदी लागली. नावाड्यानं राजाला ओळखलंच नाही. म्हणाला, "आधी शेरडं चढू देत, मग तुम्ही." राजाचे कान लाल झाले. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि शेरडांच्या मागे उभा राहिला.

पुढे एक वड लागला. वरून कावळ्यानं नेमकं राजाच्या पागोट्यावर, शी! राजाच्या नाकपुड्या फुगल्या. पण त्यानं पुन्हा ओठ मिटले आणि पुढे गेला.

मग आलं राणीचं माहेर. वेशीशीच म्हशींचं डबकं होतं. सासरेबुवा, सासूबाई, मेहुणे, सगळे स्वागताला उभे. आणि घोडा जो बुजला, तो राजा थेट डबक्यात! कमरेपर्यंत चिखल. शेजारी एक म्हैस रवंथ करत त्याच्याकडे बघत होती. मेहुणे फिदीफिदी हसायला लागले.

राजाचं तोंड उघडलं. छाती फुगली. चिमटीतला दोरा थरथरायला लागला.

राजानं आधी हाताकडे पाहिलं. हात चिखलाच्या वर होता. चिमूट तशीच होती, एकही मणी सांडला नव्हता. मग त्यानं म्हशीकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं. आणि राजाला हसू फुटलं. हॅ हॅ हॅ! पोट धरून हसायला एकच हात मोकळा होता, म्हणून एका हातानं पोट धरून हसला.

आत पलंगाखाली केतकी बसली होती. घोड्याच्या टापा ऐकून शिरली होती. तिनं हसू ऐकलं. "आई, कोण हसतंय गं?"

राणी म्हणाली, "तुझे आबा."

"आबा हसतात?" केतकीनं विचारलं. आणि बघायला म्हणून दाराआड येऊन उभी राहिली.

राजा तसाच निथळत अंगणात आला. पण घरात शिरला नाही, जवळ गेला नाही. अंगणातच खाली बसला. म्हणाला, "केतकी, तुझी माळ आणलीय. लांब व्हायची होती. पण मी दोनदा ओरडलो, म्हणून आखूड झाली. चूक माझी आहे. आणि एक गाठ राहिलीय, ती मला एकट्याला येत नाही. तुझं बोट लागतं."

एवढं बोलून त्यानं वाट पाहिली. पुन्हा हाक मारली नाही. ऊन अंगणाच्या या कडेचं त्या कडेला गेलं, चिखल अंगावर वाळला, तरी चिमूट धरून बसून राहिला.

मग केतकी एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. मग थांबली. "आबा, आता ओरडणार नाही ना?"

राजा खोटं बोलला नाही. म्हणाला, "ओरडावंसं वाटेल. तेव्हा मी दोरा ओठात धरीन."

केतकीला हसू आलं. ती पळत आली. राजानं माळ तिच्या गळ्यात धरली, दोन्ही टोकं पुढे घेतली, एक वेढा दिला. केतकीनं त्यावर आपलं चिमुकलं बोट ठेवलं. राजानं गाठ आवळली. घट्ट बसली. राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चिखलातून दोन ओघळ खाली आले.

दारातून राणी म्हणाली, "पाणी तापलंय. आधी आंघोळ करा. आणि माझ्यासाठी काय ओवलंत, ते मग दाखवा."

मग सगळे आपल्या महाली परत आले. उपरण्यात उरलेले मणी बापलेकीनं मिळून ओवले, ती केतकीच्या पायातली साखळी झाली. राजाला पुढे राग आलाच नाही का? आला की! पण राजाच्या ओठात दोरा दिसला, की आचारी गुपचूप आमटीत मीठ टाकायचा. आणि केतकी मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला लेकरं झाली, तरी ती ठुशी तिला कधी घट्ट झाली नाही. दोरा तिच्याबरोबर वाढत गेला. सगळे सुखानं राहिले, आणि अंगणातली कबुतरं पुन्हा कधी उडून गेली नाहीत.

चला, गोष्ट ओवून झाली. आता शेवटची गाठ तेवढी राहिली. ती मला एकटीला यायची नाही. जिची गोष्ट, तिचं बोट. रेवू, दे बघू तुझं बोट.

रेवू?

झोपली वाटतं. असू दे. मीच धरते तिचं बोट. हं, बसली गाठ. तुम्हीही डोळे मिटा आता.