हाकोबशेठचं माप

"ह्याच मातीत जन्मल्याचं उद्या दरबारात दाखव, नाहीतर चालता हो!" महाराज गरजले, आणि हाकोबशेठनं आ वासला. आता साठीला टेकलेल्या माणसानं पुन्हा जन्मायचं तरी कसं?

ऐन तारुण्यात हा शेठ सातासमुद्रापलीकडून नेसत्या कपड्यांनिशी आला. काचेच्या भट्ट्या घातल्या, गबर झाला, मग पाणपोया बांधल्या, दवाखाना काढला. इथवर सगळं ठीक! पण थोरले नि धाकटे कारभारी दिवाणपदासाठी हमरीतुमरीवर आले, तेव्हा ह्या भल्या माणसानं दोघांनाही थैल्या पोचवल्या! दिवाण निवडणाऱ्या पंचांना खूश करायला दोघांनी एकाच दिवशी पंगती घातल्या. महाराजांनी दोन्ही मांडवांत जिलेबी खाल्ली. पाहतात तो हलवाई एकच, पैसाही शेठचाच! झालं, डोकं फिरलं.

"दोघांचा तो कुणाचाच नाही! परका तो परकाच!"

शेठ गेला की भट्ट्या विझणार, आणि घरोघरी बांगड्या भरणाऱ्या सगुणा कासारणीची पेटी रिकामी होणार. पण रडत बसेल तर ती सगुणा कसली! ती तडक शेठच्या घरी गेली.

"शेठ, उद्या धुतलेला अंगरखा घालून या. बोलेन मी. तुम्ही आपले गप्प राहा बाई! तोंड उघडलंत की लगेच कुणाला तरी थैली द्याल!"

दुसऱ्या दिवशी सगुणानं दरबाराच्या उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलं आणि शेठला बाहेरच उभं केलं.

"हे काय थेर?" महाराज खेकसले.

"सांगते, सरकार. आधी एक विचारू? राणीसाहेबांचा जन्म कुठला?"

चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेबांनीच उत्तर दिलं, "डोंगरापलीकडच्या राज्यातला!"

"मग त्या परक्या का हो, सरकार?"

"जीभ आवर!" महाराज ताडकन उठले. "लग्नात त्यांनी उंबऱ्यावरचं माप पायानं आत लवंडलं, त्या क्षणी त्या ह्या घरच्या झाल्या!"

"एक माप लवंडलं ना, सरकार? दुष्काळात ह्या माणसानं स्वतःचं कोठार उघडून अख्ख्या गावाच्या दारात मापं ओतली! इतकी मापं लवंडून आलेली सून राज्यात दुसरी दाखवा!"

मिशीवाली सून! दरबारात खसखस पिकली. महाराजांनी ओठ चावून हसू दाबलं, पण हट्टी गडी, इतक्यात हरतो कसला!

"सून तर सून! पण सून एका घरची असते. ह्यानं दोघांना थैल्या का दिल्या?"

"एका घरची, म्हणूनच दोघांना! सासऱ्याला वाढलं नि सासूला उपाशी ठेवलं, तर सुनेला घरात राहू देतील का? तिनं दोघांच्याही पानात वाढायचं. आता पंगतीत कोण जास्त ओरपतो, ते घरच्या मोठ्यांनी बघावं!"

घरच्या मोठ्यांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. दोघेही छताकडे बघत होते. मग मात्र महाराज असे हसले की मुकुट सावरायला हुजऱ्या धावला!

"सगुणे, राजवाड्यातल्या प्रत्येक लग्नाचा चुडा यापुढे तूच भरायचा! आणि शेठ, उचल पाय!"

शेठनं अंगठ्यानं माप लवंडलं. तांदूळ थेट सिंहासनापर्यंत घरंगळले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली.

"रडू नकोस, सूनबाई!" महाराज पोट धरून म्हणाले. "आता दिवाळीला माहेरी जायचं झालं, तरी आम्हाला विचारून जायचं!"