एका बुडीचा धागा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा शाळेत गुण आकड्यांत देत नसत, रंगात देत.

प्रत्येक शाळेच्या अंगणात निळीचा एक रांजण असे. शाळेत आलेल्या मुलाच्या मनगटावर पांढरा सुती धागा बांधत. एक विद्या आली, की गुरुजी तो धागा सोडून रांजणात एकदा बुडवत, वाळवत आणि पुन्हा बांधत. वाचता आले, एक बुडी. झाडपाला ओळखता आला, एक बुडी. अशा बारा विद्या आणि बारा बुड्या. जितके जास्त शिकाल, तितका धागा गर्द.

राज्य एकच होते. विद्याही त्याच बारा होत्या. रांजण मात्र ज्या त्या शाळेचा आपापला होता.

डोंगरावरच्या शाळेचे गुरुजी कडक होते. ते रांजणात चिमूटभर नीळ टाकत. "रंग असा सहज मिळत नसतो," असे म्हणून मिशीतल्या मिशीत खूश होत. नदीकाठच्या शाळेचे गुरुजी मऊ मनाचे होते. ते ओंजळी भरभरून नीळ ओतत. "पोरांचं मन कशाला मोडायचं?" असे म्हणत. लहानांनो, आणि लहानांच्या मागे उभे राहून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, दोघांपैकी वाईट कुणीच नव्हते. म्हणून तर पुढचा घोटाळा कुणाच्या लक्षात आला नाही.

राजधानीत एक वैद्यशाळा होती. तिचे दार पाच वर्षांतून एकदाच उघडे आणि चाळीस जण आत घेतले की बंद होई. दाराशी एक पारखी लाकडी पाटी घेऊन बसे. पाटीवर एक निळा धागा ताणून बसवलेला होता. त्याहून गर्द धागा असेल तर आत, फिकट असेल तर घरी. पारखी अगदी प्रामाणिक होता. एकदा तर त्याने राजाच्या सख्ख्या भाच्यालाही परत पाठवले होते.

त्या वर्षी डोंगरावरून तिघे जण चार दिवस चालत आले. त्यांत एक मुलगी होती. फारशी न बोलणारी, पण सगळे नीट बघणारी. तिच्या वाडीत वैद्य नव्हता. कुणाचे हाड मोडले, की ते वाकडेच जुळून येई. निघताना शेजारच्या म्हातारीने आपल्या वाकड्या हाताने तिला भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. म्हणाली होती, "माझा हात तर गेला बाई. नातवंडांचे सरळ राहू देत."

मुलीच्या धाग्याला अकरा बुड्या होत्या. डोंगरावरच्या शाळेत आजवर कुणालाही इतक्या मिळाल्या नव्हत्या. तरी तो धागा दुपारच्या आभाळासारखा फिकटच होता.

रांगेत तिच्या मागे नदीकाठचा एक मुलगा होता. त्याचा धागा पिकलेल्या जांभळासारखा. त्याने वाकून तिच्या मनगटाकडे पाहिले.

"अगं, हा धागा आजोबांच्या धोतरातून उपसलास की काय?"

मुलीने मनगट पाठीमागे नेले. कान तेवढे लाल झाले.

तिचे दोन सोबती आधीच परत फिरले होते आणि चिंचेखाली मान खाली घालून बसले होते. आता तिची पाळी आली. पारख्याने तिचा धागा पाटीला लावला आणि लगेच काढला.

"फिकट आहे. घरी जा, पोरी."

"काका, अकरा बुड्या आहेत."

"मी बुड्या बघत नाही, रंग बघतो. चल, पुढचा! आणि ऐका रे सगळे, एकच जागा उरलीय!"

नदीकाठच्या मुलाने हात पुढे केला. त्याच्या पायांशी त्याची सहा वर्षांची बहीण नाचत होती. "माझा दादा वैद्य! माझा दादा वैद्य!" टाळ्या वाजवताना तिच्या मनगटावरचा धागा वरखाली होत होता.

डोंगरावरची मुलगी परत फिरायला पाऊल उचलणार, तोच तिची नजर त्या धाग्यावर पडली. ती थांबली. खाली बसली.

"तुला किती बुड्या मिळाल्या गं?"

"एक!" चिमुरडीने बोट उंचावले. "मला ना, वाचता येतं. ळ सोडून."

मुलीने तिच्या मनगटाशेजारी आपले मनगट धरले. एका बुडीचा धागा गर्द निळा होता. अकरा बुड्यांचा धागा त्याच्यापुढे पांढराच वाटत होता.

अनोळखी माणसांसमोर ती जन्मात कधी मोठ्याने बोलली नव्हती. पण आत्ता गप्प राहिले तर पुढे पाच वर्षे गप्पच राहावे लागणार होते. वाडीतल्या मुलांचे हात तोवर थांबणार नव्हते.

"काका!" ती ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे तिलाही नवीनच होते. "आधी हिचा धागा बघा!"

"ही? हिचे तर दुधाचे दातही पडले नाहीत!"

"तुम्ही रंगच बघता ना? मग बघा ना रंग!"

रांगेत कुणीतरी खुदकन हसले. पारख्याने कपाळाला आठ्या घालत तो इवलासा हात पाटीला लावला. एकदा लावला. डोळे चोळले. पुन्हा लावला.

धागा पाटीवरच्या धाग्याहून गर्द होता.

"अरेच्चा!" पारखी म्हणाला. "ही तर आत जाते!"

"मी वैद्य होणार?" चिमुरडी घाबरली. "नको! मला काढा आवडत नाही!"

रांग अशी हसली, की तो गलका ऐकून वैद्यशाळेच्या थोरल्या बाईच बाहेर आल्या. केस पांढरे, बोटे औषधांनी पिवळी पडलेली. पारख्याने चाचरत सगळे सांगितले. बाईंनी चिंचेखालच्या दोघांना बोलावले आणि डोंगरावरचे तिन्ही धागे ओट्यावर ठेवले. पाच बुड्या, सात बुड्या, अकरा बुड्या. फिकट, जरा निळा, त्याहून निळा. शेजारी नदीकाठच्या भावाबहिणीचे धागे ठेवले. एक बुडी आणि बारा बुड्या. त्यांतला कोणता कुणाचा, ते बाईंनाही ओळखता येईना.

"बाई," मुलगा रडकुंडीला आला, "माझ्या बारा बुड्या खऱ्या आहेत हो. मी सगळं शिकलोय!"

"शिकला असशील. पण आमच्या मापाने तू आणि तुझी बहीण सारखेच दिसता." मग त्या पारख्याकडे वळल्या. "आत किती गेलेत?"

"एकोणचाळीस."

"बाहेर बोलवा सगळ्यांना. चुकीच्या पाटीने आत गेलेत ते. आणि ज्यांना परत पाठवलंत, त्यांच्यामागे घोडेस्वार पाठवा. लांब गेले नसतील अजून."

काय धांदल उडाली म्हणून सांगू! घोडे धुळीचे लोट उडवत निघाले. आतली मुले धावत बाहेर आली. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली गेली. बाई स्वतः ओट्यावर बसल्या. मुलांपुढे झाडपाला मांडला, मडक्याची खापरे हाडांसारखी जुळवायला दिली आणि एकेकाला विचारत गेल्या. तीन दिवस हे चालले.

पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी डोंगरावरची मुलगी आत गेली. तिने खापरांचे मडके असे जुळवले, की त्यातून पाण्याचा थेंब गळला नाही. सात बुड्यांचा तिचा सोबतीही आत गेला. नदीकाठच्या मुलाला मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले, कारण त्याच्या शाळेचे सगळेच धागे सारखे, आणि प्रत्येकाला अगदी मुळापासून तपासावे लागत होते. अडतिसावे नाव त्याचे आले. आत शिरताना तो मुलीला हळूच म्हणाला, "ते धोतराचं बोललो ना, ते परत घेतो."

"नको," मुलगी म्हणाली. "धोतर आजोबांना परत दे."

ही हकीकत डोंगरावर पोचली. कडक गुरुजींनी रांजणात डोकावून पाहिले. "माझ्या कडकपणाची किंमत त्या पोरीला भरावी लागली असती," ते म्हणाले. नदीकाठच्या गुरुजींनी आपली ओंजळ निम्मी केली. तरी रांजण काही पूर्ण सारखे झाले नाहीत. पाणी वेगळे, हात वेगळे, सारखे होणार तरी कसे?

म्हणून त्या वर्षीपासून वैद्यशाळेने नियम केला. विद्यार्थ्याने आपल्या धाग्याबरोबर आपल्या शाळेचा एका बुडीचा धागाही आणायचा. पारखी आधी तो बघतो आणि मगच दुसऱ्याला हात लावतो.

आणि पाच वर्षांनी डोंगरावरच्या वाडीत झाडावरून पडलेल्या एका मुलाचा हात सरळ जुळला. म्हातारीने तो आपल्या वाकड्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि मग गावभर दाखवत हिंडली.

तात्पर्य: कुणाचा रंग किती गर्द हे ठरवण्याआधी तो कोणत्या रांजणातून आला ते पाहावे.