लांडग्याची भाकरी

एका माळाला लागून दोन गावं होती. एक उगवतीला, एक मावळतीला. माळावर एक धनगरीण राहायची. उगवतीच्या गावच्या शेतांत ती मेंढरं बसवायची, शेताला खत मिळायचं आणि बदल्यात गाव तिला जोंधळे द्यायचं. तेवढ्यावरच तिचं पोट.

एके दिवशी लांडग्यानं तिचं चांगलं पोसलेलं मेंढरू नेलं. धनगरणीनं दिवसभर शिव्या घातल्या. घालणारच! मेंढरं काय झाडाला लागतात?

उगवतीच्या पाटलाला आयतं निमित्त मिळालं. मावळतीच्या गावानं नुकतेच आपल्या बाजूचे लांडगे मारून गाडीवरून मिरवले होते, उगवतीच्या गावातही गाडी आणून घरोघर जोंधळे गोळा केले होते. यालाही मिरवायची खाज. गवताचे भारे घेऊन माणसांसकट लांडग्याच्या बिळापाशी आला, धूर करायला. आत पिल्लं कुईंकुईं करत होती.

बिळाच्या तोंडावर धनगरीण बसलेली.

"ऊठ गं! तुझंच मेंढरू खाल्लंय त्यानं."

"मेंढरू माझं गेलं. तुम्हाला कशाला रडू येतंय, पाटील?"

"लांडगा तुझा कोण लागतो?"

"कुणी न्हाई. पण तो हाय म्हणून रानडुकरं तुमच्या शिवारात शिरत न्हाईत."

"मग औंदा आमच्या शेतात मेंढरं बसवू नकोस."

"न्हाई बसवत."

पण उठली नाही. बाईमाणसाला ओढून कोण काढणार? पाटील भारे घेऊन परत गेला. ती थंडी तिनं पातळ आंबिलीवर काढली, पण कुणाच्या दारात गेली नाही. असं काळीज पाहिजे. नुसत्या मिशा असून काय उपयोग?

सुगी आली. मावळतीची तीच गाडी पुन्हा उगवतीच्या गावात शिरली. बायका दारात येऊन म्हणाल्या, "आता काय मारलंत?"

गाडी रिकामी होती. गाडीवान खाली बघत म्हणाला, "डुकरांनी सगळं रान उकरलं. कणीस राहिलं न्हाई. पोरांपुरतं तरी द्या."

उगवतीच्या कणग्या भरलेल्या होत्या. गावानं गाडी भरून दिली. मग पाटील स्वतः डोक्यावर पोतं घेऊन माळावर गेला.

"हे कशाचं?" धनगरणीनं विचारलं.

"तुझ्या मेंढराचं."

"ते लांडग्यानं खाल्लं."

"राखण आमच्या शेताची केली त्यानं. मग त्याची भाकरी तू एकटीनंच का घालायची?"

धनगरणीनं पोतं उतरवून घेतलं. "एवढं कळायला सुगी यावी लागली व्हय? बरं, उद्या मेंढरं कुणाच्या शेतात बसवू?"

"माझ्या," पाटील म्हणाला.

तेव्हापासून लांडग्यानं मेंढरू नेलं, की सगळं गाव मिळून भरून देतं.

तात्पर्य एवढंच: रानातलं जनावर सगळ्या गावाची राखण करतं, तर त्याच्या घासाचा भार एकट्या गरिबावर टाकू नये.