धड्यात नसलेली आकृती

"...मग दोष माझ्या शरीरात आहे की मनात? एवढंच सांगा, अक्का."

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

हर्षाली बोंडे रावेरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. दर रविवारी तापीकाठच्या या लहानशा मठात ध्यानाला यायची. तासभर मांडी न हलवता बसायची, आणि आपल्याला ते जमतं याचा तिला थोडा गर्वही होता. अक्का पूर्वी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी दीक्षा घेतली होती. आसपासच्या गावांतल्या बायका पोटदुखीपासून सासुरवासापर्यंत सगळं त्यांच्यापाशी घेऊन येत.

त्या रविवारी सगळे गेले तरी हर्षाली उठली नव्हती. मग तिने सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा प्रेमळ. पण मैत्रिणी ज्या सुखाच्या क्षणाबद्दल कुजबुजतात, तो तिला एकदाही आला नव्हता. नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून सुरुवातीला तिने तो आल्यासारखं दाखवलं. मग दाखवतच राहिली. आता तेही नको झालं होतं. ती त्याला टाळायला लागली होती. जाहिरातीतल्या गोळ्या मागवून झाल्या होत्या. स्वतःला मनातल्या मनात थंड म्हणूनही झालं होतं.

अक्कांनी विचारलं, संबंधाच्या वेळी दुखतं का, पाळी नीट येते का, कुठलं औषध चालू आहे का. तसं काही असतं तर त्यांनी तिला आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं.

"तुझं शरीर तुला माहीत आहे?"

हर्षाली दुखावली. "अक्का, मी दरवर्षी प्रजननाचा धडा शिकवते. बाकीचे शिक्षक म्हणतात, घरी वाचा. मी फळ्यावर आकृती काढून शिकवते."

"काढ."

पडवीत एक फळा होता. हर्षालीने खडू घेतला आणि सरावलेल्या हाताने गर्भाशय काढलं. दोन्ही बाजूंना अंडनलिका, त्यांच्या टोकांशी अंडाशय, खाली योनिमार्ग. नावं लिहिली. हात झटकून बाजूला झाली.

अक्कांनी आकृती नीट पाहिली.

"सुरेख. हे बाळाचं झालं."

त्यांनी आकृतीखालच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं.

"तुझं कुठे आहे?"

हर्षालीने फळ्यावरची नावं पुन्हा वाचली.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी वर एक छोटं गोल टोक काढलं. त्यामागे वाकलेला दांडा. तिथून दोन बाजूंना उतरत गेलेले दोन लांब फाटे, आणि फाट्यांच्या आतल्या अंगाला दोन फुगीर भाग.

जीवशास्त्राच्या शिक्षिकेला ते काय आहे ते ओळखता येईना.

"शिश्निका," अक्का म्हणाल्या. "क्लिटोरिस. मराठीत नावसुद्धा पुरुषाच्या अवयवावरून, शिश्नावरून ठेवलंय."

"पण ती तर... एवढीशी असते."

"दिसते एवढीशी. मूत्रमार्गाच्या तोंडाच्याही वर, कातडीच्या घडीखाली. बाकी सगळी आत आहे. हे फाटे बोटभर लांब असतात."

"आणि तिचं काम?"

"सुख."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

मग अक्का सावकाश सांगत गेल्या. ती कुठे आणि योनिमार्ग कुठे, हे फळ्यावर बोट ठेवून दाखवलं. नुसत्या संभोगाने बहुतेक बायकांना तो क्षण येत नाही, म्हणाल्या. मज्जातंतू जिथे दाटलेले आहेत तिथे स्पर्श लागतो. वेळ लागतो. आणि आपली परीक्षा चालली आहे असं मनाला वाटत असेल, तर शरीर पुढे जातच नाही.

हर्षाली फळ्याजवळ सरकली.

"म्हणजे... माझ्यात काही बिघडलेलं नाही?"

"वापरलंच नाहीस. बिघडेल कसं?"

हर्षालीला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना. अक्कांनी तिला रडू दिलं.

निघताना त्यांनी सांगितलं, आधी स्वतःची स्वतःशी ओळख करून घे. आरसा घे. हात आपलाच आहे. कुठे पोचायचं आहे असं ठरवून बसू नकोस.

हर्षाली उंबऱ्यात थबकली. "अक्का, तुम्ही संन्यासिनी. आणि हे सांगता?"

"मी सोडलं ते ओळखून सोडलं. तू ओळख व्हायच्या आधीच सोडायला निघालीस."

पुढचे काही रविवार ती आली नाही. आली ती उजळलेला चेहरा घेऊनच. घरात कुणी नसताना, दुपारी, तिने अक्कांचं ऐकलं होतं. पहिल्यांदा काही झालं नाही. नंतरही नाही. पण आता कुणाला काही दाखवायचं नव्हतं, त्यामुळे वाईटही वाटलं नाही. आणि मग एका दुपारी झालं. ती पंख्याकडे बघत पडून राहिली. छातीवरचं कसलं तरी ओझं उतरलं होतं. इतकी वर्षं आपण स्वतःला मोडकी समजत होतो, या विचाराने तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिने उठून आल्याचा चहा केला आणि एकटीने सावकाश प्याला.

"पण हितेंद्रला कसं सांगू? हे सांगायचं तर सहा वर्षांचं खोटंही सांगावं लागेल."

"हो," अक्का म्हणाल्या.

एवढंच.

तिने सांगितलं. हितेंद्र ठिबक सिंचनाची कामं घ्यायचा. आपल्या कामात कुणी चूक काढलेली त्याला खपत नसे. तो भांडला नाही, काही बोललाही नाही. बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. आणि एक दिवस, हर्षालीला न सांगता, मठात आला.

"मी कुठे कमी पडलो, ते तरी कळू दे," पायरीवर बसत तो म्हणाला.

अक्कांनी त्याच्याकडे पाठ केली.

"पाठीला खाज सुटलीय. माझा हात पोचत नाही. बघ जरा."

हितेंद्र गोंधळला. पण आजीच्या वयाचं माणूस. त्याने संकोचून हात पुढे केला.

"इथे?"

"वर."

"इथे?"

"थोडं डावीकडे... एवढ्या जोरात नको... हां. तिथेच."

हितेंद्रचा हात थांबला.

खाली नदीत कुणीतरी म्हशी धूत होतं.

"तिने सांगायला हवं होतं," तो अखेर म्हणाला. आवाज उतरला होता.

"मला सांगणं किती सोपं गेलं. तू विचारत होतास ना."

"मीही विचारायचो तिला."

"काय?"

"हेच... छान वाटलं ना, म्हणून."

अक्का हसल्या. "त्याला एकच उत्तर असतं, बाळ."

हितेंद्रने मान खाली घातली. थोड्या वेळाने तोही हसला. कसनुसं, पण हसला. मग अक्कांनी त्यालाही फळ्यापाशी नेलं आणि तीच आकृती काढून दाखवली. त्याचे कान लाल झाले होते. तरी त्याने शंका विचारल्या, आणि निघताना वाकून नमस्कार केला. त्या रात्रीपासून त्याचं अंथरूण परत आत आलं.

थंडी सरता सरता दोघं मिळून मठात आली. शेतातल्या ओल्या हरभऱ्याच्या जुड्या त्यांनी अक्कांपुढे ठेवल्या. तो पाणी आणायला गेला तेव्हा हर्षालीने हळूच सांगितलं. आता तो विचारतो, ती सांगते. कधी तो क्षण येतो, कधी येत नाही. नाही आला तर ती तसं म्हणते, आणि जग बुडत नाही. सगळ्यात मोठी सुटका कशाची, तर नाटकाची. आता कुशीत शिरताना तिला धास्ती वाटत नव्हती.

हितेंद्र तांब्या घेऊन आला. अक्कांपुढे ठेवून बसला. चेहऱ्यावर समाधान होतं, आणि त्यात जुना ताठाही थोडा परतला होता.

"अक्का, तिला काय आवडतं, ते आता मला पक्कं कळलंय."

हर्षाली लाजून नदीकडे बघू लागली.

अक्कांनी जुडीतला एक घाटा सोलून आतला दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"ते कालचं," त्या म्हणाल्या. "आजचं?"