निंबाळीची उतरती चावडी

बाकीच्या गावांत चावडीला पायऱ्या चढून जातात. आमच्या निंबाळीत चार पायऱ्या उतरून जावं लागतं. आत भिंतीकडेनं चौफेर मातीचा कट्टा, मधे सारवलेली जमीन, वर धाब्याचं छत. बाहेर चैत्रात कुत्री जीभ काढून पडतात, तेव्हा आत अंगावर उपरणं घ्यावंसं वाटतं. शहरातून तुमच्यासारखे नकाशेवाले येतात, भिंतीला हात लावतात आणि विचारतात, ही कल्पना कुणाची. ऐका मग. आणि मधेमधे फोटो काढू नका.

ही इमारत आधी गावाचं धान्याचं कोठार होती, असं सांगतात. भिंती जाड, छत बुटकं, माणूस वाकूनच आत जायचा. पुढं पाऊस गेला, धान्य गेलं आणि कोठारात घुशी राहायला आल्या. तेव्हा हैबतराव नावाचा पाटील होता. अक्कल बेताची, पण तसं त्याला सांगणारा गावात कोणी नव्हता. आमचे पूर्वज माना डोलावण्यात पटाईत. पाटलाच्या मनात आलं, कोठाराची चावडी करायची. नवा दगड फोडून भिंती वाढवायच्या, छत उंच न्यायचं आणि आपली बैठक सगळ्यांच्या डोक्यावर.

त्या साली गावाबाहेर वडारांची अकरा पालं उतरली होती. दगडमातीचं काम करणारी माणसं. त्यांची कारभारीण तिप्पव्वा नावाची बाई होती म्हणे. उन्हाळा असा, की तिची दोन माणसं उन्हानंच गेली. फाटक्या पालाची सावली ती केवढी, आणि गावातल्या झाडाखाली त्यांना कोणी बसू देत नसे. हे आमच्याच गावानं केलं, दुसऱ्या कुणी नाही.

पाटलानं तिला बोलावलं. तिनं कोठाराच्या भिंतीवर बुक्की मारली, कान लावून ऐकलं आणि सांगितलं, नवा दगड एकही लागणार नाही. छत वर न्यायचं कशाला, जमीन खाली नेऊ. मजुरीत तिनं एकच गोष्ट मागितली. काम झालं की माझ्या माणसांना उन्हाळाभर आत बसू द्या.

पाटील हसला. म्हणाला, "बसा की, माझ्या पायाशी. पण चावडीत येणारा खाली उतरलाच पाहिजे. घोड्यावरचा असो, नाहीतर मेण्यातला."

"येणारा प्रत्येक जण उतरेल, पाटील. शब्द देते."

प्रत्येक जण म्हणजे आपणही, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. असल्या डोक्यांत ते शिरत नसतंच.

वडारांनी आतली जमीन कंबरभर खणली. भिंतींच्या बुडाची माती तेवढी हलवली नाही, नाहीतर भिंती बसल्या असत्या. ती राहिलेली माती म्हणजेच हा कट्टा, चहूकडं एकाच उंचीचा. उपसलेली पांढरी माती त्यांनी छतावर थरावर थर चढवली, त्यानं आत गारवा आला. कट्ट्यावर पाटलाची उंच बैठक रचायला गेले, तर वर बसणाऱ्याचं डोकं तुळईला लागत होतं. तुळई काही माना डोलावणारी नव्हती.

पहिल्या दिवशी पाटील आला, तेव्हा गावही आत आणि वडारही आत, सगळे एकाच कट्ट्यावर. तो दारातच थांबला. मी उतरणार नाही म्हणाला आणि वडारांना उठायला सांगितलं. गावानं नेहमीसारखी मान खाली घातली. पालातली माणसं तिप्पव्वाकडं बघू लागली. उठलं तर पुन्हा ऊन होतं.

ती बसूनच म्हणाली, "पायाशी बसायचं ठरलं होतं, पाटील. पाय आत आणा, मग बसतो."

पाटील उन्हात उभा राहिला. त्या दिवशी चावडीत एक भांडण आलं होतं, त्याचा निवाडा त्याच्यावाचून झाला, तोही म्हणे बरा झाला. तिसऱ्या प्रहरी त्यानं दाराच्या चौकटीचा आधार घेतला, तरी गावातलं कोणी हललं नाही. मग तिप्पव्वा कट्ट्यावर वीतभर सरकली आणि म्हणाली, "उतरा."

पाटील उतरला आणि तिच्या शेजारी बसला. काही जण सांगतात, त्याला पश्चात्ताप झाला. मला नाही पटत. त्याला ऊन लागलं होतं. पण त्या उन्हाळ्यात वडारांना परत कोणी उठवलं नाही, आणि पालातलं आणखी कोणी उन्हानं गेलं नाही, असं सांगतात.

आजही इथं कोणी उतरला, की बसलेल्यानं वीतभर सरकायचं, मग येणारा कोणी का असेना. माझ्या सख्ख्या भावाशी मी एकोणीस वर्षं बोललो नाही, पण इथं त्याला जागा दिली. तुम्ही आता याचं पर्यावरणपूरक सभागृह करणार म्हणता. एका अंगाला व्यासपीठ, पाहुण्यांना खुर्च्या. तुमचे कागद मला कळत नाहीत, आणि तुम्हीही मला फारसे आवडला नाहीत. पण तुमचे साहेब मघापासून बाहेर उन्हात फोनवर बोलतायत. त्यांना म्हणावं, उतरा. सरकतोय मी.